हेमराज मावशी

मोहाडीपासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमधून वाट काढत गेलं की बोडीटोला लागतो. मूठभर घरं, बहुतेक मासे धरणाऱ्या ढिवरांची, आणि सगळ्या घरांना पोटात घेईल एवढा तलाव. तिथल्या हेमराज दिघोरेला पंचक्रोशी दोन गोष्टींसाठी ओळखायची. जाळं फेकावं तर त्यानं, आणि दंडारीत बाई व्हावी तर त्यानं. दिवाळी झाली की गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, मंडईत दंडार, म्हणजे नाच-गाण्याचं नाटक, उभं राहतं, आणि दंडारीत बायकांची कामं पुरुषच करतात. पन्नाशीला टेकलेला, खांद्यानं रुंद, डोंगा एकट्यानं काठावर ओढणारा हा गडी लुगडं नेसून मांडवात शिरला की म्हाताऱ्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "पाह्य वो, कशी चालते! नाहीतर आमच्या सुना!" या कौतुकापायी त्याला जन्मात मिशी ठेवता आली नाही. तेवढं एक दुःख सोडलं तर माणूस सुखी होता.

घरात तिघंच. तो, बायको उर्वशी आणि आई रेवताबाई. रेवताबाई म्हणजे मोहाडीच्या बाजारातली तोफ. मासोळी आणि उकडलेले शिंगाडे विकण्यात तिची हयात गेली. गिऱ्हाइकानं मासोळीचे कल्ले उघडून पाहिले की ती म्हणायची, "पाह्य बाप्पा, नाडी पाह्य तिची. जित्ती निंगाली तर दवाखान्यात नेजो." गिऱ्हाईक हसायचं आणि मासोळी घेऊन जायचं.

ही तोफ हळूहळू भलतीकडेच तोंड करू लागली. बाजार नसलेल्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन ती सडकेवर उभी राहायची. धुतलेले कपडे चुलीजवळ रचायची आणि झिंगे ठेवायची कपड्यांच्या पेटीत. पेटीतले झिंगे तीन दिवसांनी आपली हजेरी स्वतःच लावत. "सुनेनं माहे झिंगे चोरले," असं तिनं गल्लीत जाहीर केलं, तेव्हा उर्वशी त्याच झिंग्यांचा वास असलेलं पोलकं घालून उभी होती. तिला रडावं की हसावं कळेना.

गाव म्हणालं, बुढी चळली. एका खाजगी डॉक्टरनं ताकदीची बाटली दिली आणि म्हणाला, म्हातारपण आहे, चालायचंच. ताकदीची बाटली पिऊन रेवताबाईची ताकद मात्र खरंच वाढली, कारण पुढच्याच आठवड्यात तिनं पोटच्या पोराला घरातून हाकललं.

हेमराज जेवायला वाढत होता. उर्वशी धानाच्या रोवणीला गेलेली. रेवताबाईनं ताटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू कोण रे बाप्पा?"

"मी हेमराज वो माय."

"माहा हेमराज शाळेत गेला. तू कोणाच्या घरात घुसला? घरात बाया एकट्या पाहून आला काय बे?" आणि तिनं वरणाचं भांडं उचललं. हेमराज अंगणात, वरण त्याच्या मागोमाग.

आजूबाजूच्यांसमोर तो हसत राहिला. पण त्या दिवशी डोंग्यात एकटाच बसून तलावाच्या मध्यावर गेला आणि जाळं न टाकता बराच वेळ तसाच बसला. तिच्या हातचा मार खायची त्याला सवय होती. तिला आपण माहीत नसण्याची नव्हती.

आश्विनात दंडारीची तालीम सुरू झाली. दुपारची वेळ. समाजमंदिरात टेकचंद ढोलकी घुमवत होता. टेकचंद म्हणजे हेमराजचा लहानपणापासूनचा जोडीदार, दंडारीत कायम त्याचा नवरा. हेमराज उर्वशीचं हिरवं लुगडं नेसून ठेका धरत होता. एवढ्यात उर्वशी धापा टाकत आली.

"बुढी तलावाच्या पारीवर बसली हाय. रडून राहिली. कोनाले हात लावू देत नाही. चाला लवकर!"

कपडे बदलायला वेळ कुठला! हेमराज लुगड्याचा काष्टा आवळत पळाला. मागे टेकचंद गळ्यातल्या ढोलकीसकट. ढोलकी प्रत्येक पावलाला आपोआप वाजत होती, त्यामुळे अर्धं गाव वरात आली की काय म्हणून बाहेर आलं.

पारीवर, तलावाच्या बांधावर, रेवताबाई गुडघ्यात डोकं घालून बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वर केली. आता काय फेकून मारते म्हणून हेमराजनं चेहऱ्यासमोर हात आडवे धरले. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही उजाडलं की त्याचे हात खाली आले.

"सत्यभामे! आली का वो मायबाई! किती वाट पाहाची!"

सत्यभामा ही रेवताबाईची पाठची बहीण. हेमराजच्या जन्माआधीच, लग्नाच्या वयात, तापानं गेलेली. हेमराजनं टेकचंदकडे पाहिलं, टेकचंदनं आभाळाकडे. मग आयुष्यभर मांडवात केलेलं काम हेमराजनं पहिल्यांदा मांडवाबाहेर केलं. पदर सावरून तो आईजवळ बसला आणि दंडारीतल्या नाजूक आवाजात म्हणाला, "आली वो बाई. भूक लागली मले. चाल ना घरी."

रेवताबाई टुणकन उठली. बहिणीचा हात धरून घरी आली, तिला जेवू घातलं, तिच्या हातून स्वतः जेवली, आणि वर म्हणाली, "तुहे हात किती मोठे झाले वो! लय काम करवतेत का तुह्याकडून?" दारात जमलेलं गाव तोंडात पदर आणि गमछे कोंबून उभं होतं.

दुसऱ्या दिवशी हेमराज शर्ट-पँट घालून ताट घेऊन गेला. ताट अंगणात आलं. तो आत गेला, लुगडं नेसला, तेच ताट घेऊन परत गेला. ताट चाटून पुसून रिकामं.

"झालं," उर्वशी म्हणाली. "आता माह्या पेटीले कुलूप लावतो मी."

पण तिनं कुलूप लावलं नाही. उलट स्वतःचं एक जुनं जांभळं लुगडं त्याला कायमचं देऊन टाकलं आणि निऱ्या नीट घालायला शिकवलं, कारण तिचं म्हणणं होतं की दंडारीतल्या निऱ्या लांबून ठीक दिसतात, घरात शोभत नाहीत. सकाळी जाळं टाकून आला की हेमराज अंग धुवायचा, लुगडं नेसायचा आणि दुपारपर्यंत सत्यभामा असायचा. रेवताबाई तिची वेणी घालू पाहायची आणि केस नाहीत म्हणून हळहळायची. "तापात गेले बाई सारे. येतीन पुन्हा."

आणि मग तिनं बहिणीसाठी सोयरीक पाहायला सुरुवात केली. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ती विचारायची, "लगन झालं का बाप्पा तुहं? माही बहीण हाय, कामाले वाघीण." माणसं दुसऱ्या गल्लीनं जाऊ लागली.

दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हाही सत्यभामा सोबत असल्याशिवाय रेवताबाई हलेना. "पोरगा पाहाले चाललो ना आपण?" असं तिनंच ठरवलं आणि नवं लुगडं मागितलं. तेव्हा तिघं एसटीत बसले: रेवताबाई खिडकीशी, मधे जांभळ्या लुगड्यातला हेमराज, कडेला तोंड लपवून उर्वशी. कंडक्टर आला.

"बुढीले फुकट. तुम्ही दोघी बाया, दोन अर्धे," असं म्हणत त्यानं मशीन दाबायला बोट उचललं.

हेमराज इमानी माणूस. तो आपल्या खऱ्याखुऱ्या खर्जात म्हणाला, "नाही जी. मले पूर्ण द्या."

कंडक्टरचं बोट हवेत राहिलं. "तुम्ही बाई आहा का मानूस?"

"आंधळा हाय का रे?" रेवताबाई कडाडली. "माही बहीण हाय! सोयरीक जमवाले चाललो अन् हा मेला तिले मानूस म्हणते!"

सगळी एसटी मागे वळली. एक आजोबा म्हणाले, बाईमाणसाला अर्धंच द्या. एक मास्तर म्हणाले, नियम म्हणजे नियम, आवाज पाहून तिकीट द्या. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, हा तं दंडारीतला हेमराज!" आणि टाळ्या पडल्या. कंडक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, "बाप्पा, ह्या मशीनमध्ये बाई हाय अन् मानूस हाय. दंडारवाला नाही." शेवटी पूर्ण तिकीट निघालं आणि मोहाडी येईपर्यंत एसटीनं हेमराजकडून दोन गाणी वसूल केली. रेवताबाईनं टाळ्यांचा ठेका दिला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तृप्ती नावाची तरुण बाई होती, नुकतीच नागपूरहून आलेली. तिनं समोरच्या दोन बाया आणि त्यांच्या मधल्या तिसऱ्या प्रकाराकडे पाहिलं. ती हसली नाही. हेमराज पुढे वाकून कुजबुजला, "मी पोरगा आहो जी तिचा. पण तिले सांगू नका."

"नाही सांगत," डॉक्टरही कुजबुजली.

मग तिनं रेवताबाईला विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बाजाराचा."

"महिना?"

"शिंगाड्याचा."

"आता मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा हं. आंबा, टोपी, गाय." मग तिनं नाडी पाहिली, डोळे पाहिले, रक्त घ्यायला लावलं आणि पुन्हा विचारलं, "मघाशी कोणते शब्द सांगितले होते मी?"

रेवताबाईनं तिच्याकडे कीव करून पाहिलं. "आताच तं सांगतले तूनं. इतल्यात इसरली? डॉक्टर कोनं केलं वो तुले?"

या वेळी मात्र डॉक्टरला हसू आवरलं नाही. रेवताबाईही हसली. उर्वशी तिला बाहेर बाकावर घेऊन गेली.

मग दार लावून डॉक्टरनं हेमराजला सगळं समजावून सांगितलं. याला स्मृतिभ्रंश म्हणतात, इंग्रजीत डिमेन्शिया. हे चळणं नाही, बाहेरचं नाही, नुसतं म्हातारपणही नाही. मेंदूचा आजार आहे. रक्तात काही कमी असेल तर ते भरून काढू, झोपेचं पाहू, पण आजार पूर्ण बरा करेल असं औषध नाही. सांभाळणं हेच मोठं औषध. तिच्याशी वाद घालायचा नाही. चूक दाखवायची नाही. तिला जे काम हाताला येतं ते करू द्यायचं.

"आणि हे," तिनं जांभळ्या लुगड्याकडे बोट केलं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोनी नाही जी. असंच झालं. चुकलं का?"

"ती जिथं आहे तिथं तुम्ही गेलात. मी सगळ्यांना तेच सांगत असते, पण कोणी जात नाही. साडी नेसायलाच पाहिजे असं नाही हं," ती घाईघाईनं म्हणाली, "पण जायला पाहिजे."

हेमराजला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. पदर असल्याचा तो एक फायदा, डोळे पुसायला शोधाशोध करावी लागली नाही. आई त्याला ओळखत नव्हती ती रागानं नाही, आजारानं. एवढं एक कळलं आणि पाठीवरून धानाचं पोतं उतरल्यासारखं त्याला हलकं वाटलं. इतकं हलकं, की तो रडता रडता हसायलाच लागला.

डॉक्टर म्हणाली, "असे किती म्हातारे घराघरात आहेत. लोक लाजेनं लपवतात, कोंडून ठेवतात. मी गावात जाऊन बोलले तर जांभया देतात. पोस्टर लावलं तर त्यावर तंबाखूचा खर्रा थुंकतात. तुमच्यासमोर मात्र मैदान भरून माणसं बसतात म्हणे."

"मी काय बोलू जी? मी दंडारीतली बाई."

"म्हणूनच म्हणते."

परतीच्या एसटीत हेमराज बोटांनी सीटवर ठेका धरून स्वतःशीच काही पुटपुटत होता. गावात उतरल्याबरोबर तो तडक टेकचंदकडे गेला. "यंदा वग नवा," त्यानं जाहीर केलं. "तू नवरदेव. मी माही माय."

मंडईचा दिवस. भर दुपारी मैदान माणसांनी फुललं होतं, पाळणे, जिलेब्या, फुगेवाले, आणि मधे मांडव. टाळ-ढोलकीचा कडकडाट झाला आणि दंडार सुरू झाली. हेमराज रेवताबाई झाला होता: पाठीत वाकलेला, डोक्यावर टोपली, वाटेल त्याला बहिणीची सोयरीक सांगणारा. टेकचंद झाला होता वाटेत सापडलेला नवरदेव. लोक लोळत होते. खरी रेवताबाई उर्वशीजवळ पहिल्या रांगेत जिलेबी खात बसली होती. आपल्याच अंगावर बेतलेला खेळ ती मोठ्या आवडीनं पाहत होती. अचानक तिनं नवरदेवाचं तोंड नीट पाहिलं, जिलेबी उर्वशीच्या हातात दिली आणि तरातरा मांडवात चढली.

"हा टेकचंद नोहे का रे? दारू पेते हा! याले नाही द्याची आम्ही पोरगी!"

टेकचंद खरोखरच पीत असे. तो आपला संवादच विसरला. "काकू, कमी केली जी मी," तो हात जोडून म्हणाला.

"कमी नाही. बंद कर. मंग ये."

"बंद केली जी," टेकचंद भर मैदानात, शेकडो माणसांदेखत बोलून गेला, आणि त्याची बायको गर्दीतून उभी राहून ओरडली, "समद्यायनं ऐकलं हां!" त्यावर असा हशा उठला की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला.

हेमराजनं तो हशा ओसरू दिला. मग पाठ सरळ केली, टोपली खाली ठेवली आणि आपल्या स्वतःच्या आवाजात बोलला.

"हासा. आम्हीबी घरी हासतो. पण ही माही खरी माय होय. इले चळ नाही लागला. इले आजार हाय, अन् त्या आजाराले नाव हाय. तुमच्या घरीबी असन असा बुढा, अशी बुढी. कोंडू नका जी. मारू नका. भांडू नका. ती म्हणते आज बाजार हाय, तं म्हणा, हाव माय, हाय बाजार. तुमचं काय जाते?"

मैदान गप्प झालं. रेवताबाईनं सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काहून चुप झाले वो सारे? कोनी मेलं का?" आणि मैदान पुन्हा फुटलं, पण या वेळी हसणाऱ्यांपैकी बरीच माणसं डोळे पुसत होती.

खेळ संपल्यावर मांडवामागे एक वयस्क शेतकरी आला. कृष्णराव, शेजारच्या गावचा, चांगल्या धानाच्या बांध्यांचा मालक. हातातला गमछा पिळत तो म्हणाला, "भाऊ, एकदा घरी येता का? आमच्या घरचीचं असंच हाय. मी... मी बाहेरून कडी लावतो."

हेमराज तसाच, तोंडाचा रंगही न पुसता त्याच्यासोबत गेला. कृष्णरावानं कडी काढली. आत त्याची बायको निर्मलाबाई जमिनीवर बसून रिकामं सूप पाखडत होती. तालात, मन लावून. सुपात काहीच नव्हतं.

"दिवसभर हेच," कृष्णराव म्हणाला. "सूप काढून घेतलं की चावते."

"सूप कायले काढता जी? त्यात धान घाला ना!"

अंगणात तर मळणीचं धान पडलेलं होतं. हेमराजनं निर्मलाबाईचा हात धरला आणि तिला उन्हात आणून बसवलं. कृष्णरावानं सुपात धान ओतलं. निर्मलाबाईनं पहिलाच झटका दिला तो असा की फोलपटं वाऱ्यावर आणि दाणे सुपात. तिनं नवऱ्याकडे न पाहताच हुकूम सोडला, "उभे काय राह्यले? पोतं धरा." आणि बांध्यांचा तो मालक हसत, रडत, पोत्याचं तोंड धरून बसला. त्या दारावर पुन्हा कडी लागली नाही. शेजारणीच पाळीपाळीनं येऊन अंगणात बसू लागल्या, म्हणजे ती कुठं निघाली तर सोबत कुणीतरी असे.

तिथून हेमराजला जणू वारंच लागलं. तो सायकलवर सुटला. मासोळी विकायला जाई त्या प्रत्येक गावात मासोळीसोबत हेही वाटू लागला. कोणाचा बाप गुरांना रस्ता विचारतो, कोणाची आजी आरशातल्या बाईला जेवायला बोलावते. तो बसायचा, ऐकायचा, नक्कल करून घरच्यांना हसवायचा आणि जाता जाता सांगायचा, डॉक्टर तृप्तीबाईकडे न्या, लपवून ठेवू नका. पोरं त्याला हेमराज मावशी म्हणू लागली. तो ओ द्यायचा. मासोळीचं वजन करताना त्याचं लक्ष नसे, त्यामुळे गिऱ्हाईकही खूश होतं.

"मासोळ्या विकून राहिले का वाटून राहिले?" उर्वशी विचारायची. मग तीच म्हणायची, "त्या पलीकडच्या टोलीवरही एक बुढा हाय म्हणते. उद्या जाजा."

माघात तालुक्याला आरोग्याची बैठक होती. भंडाऱ्याहून मोठे साहेब येणार होते. डॉक्टर तृप्तीनं मागणी मांडली: महिन्यातला एक दिवस दवाखान्यात फक्त विसरणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी, आणि गावोगावच्या आशाताईंना या आजाराचं शिक्षण. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी साधाच प्रश्न केला. "पण डॉक्टर, असे रुग्ण येतात कुठं तुमच्याकडे?"

"येतात जी!" दारातून हेमराजचा आवाज आला. "बाहेर टेम्पोत हायेत. उतरवू का?"

साहेब हो म्हणाले की नाही, ते नक्की कोणालाच आठवत नाही, कारण तेवढ्यात टेकचंदची ढोलकी वाजली. आधी निर्मलाबाई आली, हातात सूप, मागे कृष्णराव. मग काठी टेकत एक निवृत्त गुरुजी, ज्यांनी आत येताच बैठकीला "बसा" म्हटलं आणि गडबडीत उठलेले सगळे अधिकारी नकळत बसले. आणखी कोणी नातवाचा हात धरून, कोणी सुनेचा. सगळ्यांत शेवटी रेवताबाई. तिनं हॉलभर नजर फिरवली, सगळ्यांत मोठी खुर्ची हेरली आणि आपली शिंगाड्यांची टोपली थेट साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"घे बाप्पा. उकडेल हायेत. खाऊन पाह्य, मंग भाव कर."

साहेबांनी एक शिंगाडा सोलला. खाल्ला. दुसरा सोलला. "आजी," ते म्हणाले, "माझी आजीसुद्धा अशीच द्यायची हो."

"मंग तिनंच कायले नाही सांगतलं तुले, का बाईमानूस आलं तं खुर्ची द्याची?"

साहेब उठले. रेवताबाई त्यांच्या खुर्चीत बसली. गुरुजींनी हजेरी घेतली, बैठकीतल्या प्रत्येकानं "हजर" म्हटलं, आणि या सगळ्या गोंधळात, उभ्याउभ्या, शिंगाडा चघळत साहेबांनी मागणी मान्य केली. डॉक्टर तृप्तीनं बाहेर व्हरांड्यात येऊन ओढणी कमरेला बांधली आणि टेकचंदच्या ढोलकीवर तिथल्या तिथं एक गिरकी घेतली. दवाखान्यातल्या नर्सबाई नंतर महिनाभर तिला त्यावरून चिडवत होत्या.

त्या उन्हाळ्यापासून दवाखान्यात महिन्याचा तो दिवस सुरू झाला. लोक त्याला विसरभोळ्यांचा बाजार म्हणतात, आणि खरंच बाजारासारखीच गर्दी असते. हेमराज दारात उभा राहून आलेल्यांना पाणी देतो, घरच्यांना धीर देतो. आशाताईंच्या शिक्षणातही एक तास त्याचा असतो, आणि तो तास कधीच एका तासात संपत नाही.

रेवताबाई पुढं पुढं आणखी लांब गेली. एक दिवस ती सत्यभामेलाही ओळखेनाशी झाली. जांभळं लुगडं पाहून तिनं नुसती मान फिरवली. हेमराज तसाच उंबऱ्यात उभा राहिला. उर्वशीनं त्याच्या हातून ताट घेतलं, सासूपाशी बसली आणि काही न बोलता एक घास पुढे केला. रेवताबाईनं तोंड उघडलं. ज्या सुनेवर झिंग्यांच्या चोरीचा आळ आला होता तिच्या हातून ती आता लेकरासारखी जेवू लागली. घास झाला की उर्वशीच्या गालाला हात लावायची. उर्वशी म्हणते, पंचवीस वर्षांचं सासूपण एका हाताच्या स्पर्शात फिटलं.

यंदा हेमराजला चिखल्याहून बोलावणं आलं. मँगनीजच्या खाणीचं गाव, मजुरांची कॉलनी. खाणवाल्यांसमोर काय बोलावं या धास्तीनं त्यानं भाषण कागदावर लिहून घेतलं आणि वाटभर घोकलं. हॉल भरला होता. त्यानं तोंड उघडलं न उघडलं तोच मागच्या रांगेतून श्यामराव नावाचे निवृत्त खाणकामगार, एकेकाळी प्रत्येक पाळीला मजुरांची रांग तपासून खाणीत सोडणारे, उभे राहिले. पोरगा त्यांना बसवू पाहत होता, "बाबा, खाली बसा, लोक हासतेत." पण श्यामराव पुढे आले, डोक्यावर नसलेलं हेल्मेट त्यांनी सारखं केलं आणि दरडावून विचारलं, "पाळीची वेळ झाली. लाइन कुठं हाय?"

पोरगा शरमेनं लाल झाला. हॉल हेमराजकडे पाहू लागला. हेमराजनं भाषण खिशात घातलं, खाली उतरला आणि श्यामरावांसमोर ताठ उभा राहिला. "हजर जी." त्याच्यामागे टेकचंद. मग कॉलनीतला एक मुकादम, मग बाया, मग पोरं, मग एकेक करून अख्खा हॉल. सगळ्यांत शेवटी श्यामरावांचा पोरगा येऊन रांगेत उभा राहिला. श्यामराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले, कोणाची कॉलर नीट केली, कोणाच्या खांद्यावर थाप मारली. पोरासमोर ते थोडे जास्त थांबले. मग मागे आले, छाती भरून श्वास घेतला आणि हुकूम सुटला:

"आज साऱ्यायले सुट्टी! जा घरी!"

आरोळी उठली. माणसं दारातून उन्हात धावत सुटली, पोरं टोप्या उडवत होती, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, आणि त्या लोंढ्यात श्यामराव पोराचा हात धरून, त्याला ओढत, सगळ्यांच्या पुढे पळत होते.